लक्ष्मीच्या पायावरची सही

आमच्या नात्यात कोणाचं नुकसान झालं की अजूनही म्हणतात, "चतुराबाईसारखं केलंस." चतुराबाई म्हणजे माझी माय. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नुकसान कोणी केलं, ते आता मीच सांगते.

माझे वडील बद्रीनाथ जालन्याला एका जिनिंगमध्ये मुनीम होते. राज्य निजामाचं. माणूस निर्व्यसनी, पण सह्यांचा नाद. गावात नाटकातला नट येवो की पहिलवान, हे वही घेऊन पुढे. नाद फुकटचा होता तोवर माय हसून सोडून द्यायची. मग मुंबईचा एक एजंट आला. त्याच्याकडे लक्ष्मीचं छापील चित्र होतं, वर चकचकीत रोगण, आणि पायावर खुद्द चित्रकाराची शाईतली सही. त्याने वडिलांच्या डोक्यात भरवलं की सोनं नुसतं पडून राहतं, सही मात्र वाढते. चित्रकार म्हातारा आहे, तो गेला की नव्या सह्या बंद, मग मागाल तो भाव.

वडिलांनी मायच्या पाटल्या विकल्या. तिला तिच्या आईने दिलेल्या. विचारलंसुद्धा नाही. न्हाणीत जाताना ती कोनाड्यात काढून ठेवायची, तिथूनच उचलल्या. ती रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रडती कशाला? पाटल्या गेल्या, पण घरात लक्ष्मी आली. तीच तुला पाटल्या परत देईल, बघ."

मायने विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होती?

ती लक्ष्मी ट्रंकेत गेली. तिला ना भिंत, ना दिवा. किल्ली वडिलांच्या करदोट्याला. दर नवरात्रात माय म्हणायची, "देवीला घरी आणून अंधारात कोंडून ठिवलं, हे बराबर न्हाई." वडील ऐकल्या न ऐकल्यासारखं करून वर्तमानपत्र उघडायचे. चित्रकार गेल्याची बातमी शोधायचे. कोणीतरी मरावं म्हणून रोज पेपर वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो माझा बाप होता.

शेवटी चित्रकार गेला. वडिलांनी पेढे आणले. मायने हात लावला नाही. मग गिऱ्हाईक शोधायला ते हैदराबादला निघाले, आणि प्रवासात हरवायला नको म्हणून किल्ली मायकडे दिली. "ट्रंक संभाळ," एवढंच बोलले. आत लक्ष्मी कशासाठी ठेवलीय, हे तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही.

घट बसायचे होते. आमच्याकडे त्याआधी घरातले सगळे देव धुऊनपुसून लख्ख करतात. मायने टाक चिंचेने घासले, मग ट्रंक उघडून लक्ष्मी बाहेर काढली. पाहते तर देवीच्या पायावर काहीतरी काळं गिरगटलेलं. मायला वाचता येत नव्हतं. तिने पदर ओला केला आणि पुसून टाकलं. रोगणावरची शाई सहज निघाली. तिथे हळदकुंकू लावून तिने चित्र घटामागे मांडलं. गल्लीतल्या बायका ओटी भरून गेल्या. मायला तेवढं खुशीत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दसरा झाल्यावर वडील बदरोद्दीन सेठना घेऊन आले. सेठ हैदराबादच्या जहागीरदारांसाठी तसबिरी घ्यायचे. त्यांनी चित्र दारातल्या उजेडात धरलं, खालीवर पाहिलं.

"मुनीमजी, दस्तखत कुठं हाय? दस्तखत न्हाई तर ही बाजारातली साधी तसबीर. माफ करा."

माय म्हणाली, "ते पायावरचं? ते मी पुसलं."

वडिलांनी तिच्यावर हात उगारला. परक्या माणसासमोर. सेठनी तो वरच्यावर धरला, म्हणून मार चुकला. "अडाणी बाई, घर बुडवलं माझं," वडील म्हणाले.

माय जागची हलली नाही. "तुम्ही म्हणले व्हते लक्ष्मी आणली. मी लक्ष्मीचे पाय पुसले. तुम्ही लक्ष्मी न्हाई, कुण्या माणसाचं नाव आणलंय, हे मला कधी सांगितलं? आता माझ्या पाटल्या आणा."

वडील चपला घालून बाहेर पडले. पाटल्या कधी आल्या नाहीत. उलट बायकोने कसं वाटोळं केलं, ते नात्यात घरोघर सांगत फिरले. तेच अजून चालू आहे.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी वडील तापाने गेले. रीत म्हणून बायका मायच्या हातातल्या बांगड्या फोडायला आल्या. तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले.

"सोन्याच्या त्यांनी नेल्या," ती म्हणाली. "ह्या काचेच्या मी कुणाला देणार न्हाई."