दोन दारांची उघडी गाडी

आमचे काका डेंटर. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले, स्वतः मात्र कुणाकडून सरळ झाले नाहीत. त्यांच्या गॅरेजात भंगारातून आणलेली एक जुनी उघड्या टपाची गाडी होती. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. चालू केली की शेजाऱ्यांची भांडी मांडणीवर नाचायची. तिचा एकही भाग बदलायचा नाही, हा काकांचा हट्ट. गंजका स्क्रूसुद्धा रॉकेलमध्ये भिजवून पुन्हा जागेवर. गल्लीने त्यांचं नावच 'ओरिजिनल' पाडलं होतं.

काकूला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा एक पाय ओढत राहिला. लाजेने ती उंबऱ्याबाहेर पडेना. एकदाच म्हणाली, "ताईला भेटायचंय हो. तुमच्या त्या गाडीतून न्याल, तर येईन."

काका त्याच दिवशी कामाला लागले.

गाडीचा तळ गंजलेला. छत नसलेल्या गाडीचा सगळा भार तळावर, म्हणून तो कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून टेकू देतात. काकांनीच हे कितीजणांना शिकवलेलं. पण कारखान्यातला मूळ निळा रंग फक्त त्या चौकटीत उरला होता. वेल्डिंगने करपला असता.

"दारं लावून ठेवतो. तीच धरतील," काका म्हणाले.

दारांनी धरलं, आणि सोडलंच नाही. गाडी मधोमध खचली, दारं चौकटीत रुतून बसली. लक्षात आलं तोवर तळ जोडून झाला होता. पत्रा जुनाच, ठिगळं लावून जगवलेला. पुन्हा कापला असता तर चुरा हातात आला असता. आता दारांच्या कडा घासणं एवढाच उपाय.

"घासा की मग," काकू म्हणाली.

"कडेवर कारखान्याचा ठसा आहे गं. गेला की गेला."

"आणि मी आत कशी जाऊ? उडी मारून?"

"मी उचलून ठेवतो ना."

"सगळ्या गल्लीसमोर? अहो, मी बायको आहे, स्टेपनी नाही!"

मी हसलो. त्या दोघांपैकी कुणी हसलं नाही.

काकांनी ग्राइंडर हातात घेतला, चालू केला, दाराशी नेला आणि बंद केला. "उद्या बघू." असे बरेच उद्या गेले. काकूने विचारणं सोडलं. मग एका सकाळी तिने मला भाड्याची व्हॅन आणायला लावली. काका फाटकापर्यंत आले. "गाडी झाली की घ्यायला येतो."

"या," ती म्हणाली. त्यांच्याकडे बघितलं नाही.

ताईकडेच तिला दुसरा झटका आला आणि त्यात ती गेली. काका माझ्या मोटारसायकलवर मागे बसून गेले आणि सगळं आटोपून तसेच परतले.

घरी आल्यावर कपडेही न बदलता त्यांनी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, ठसा गेला, दार अलगद उघडलं. कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "एवढंच तर काम होतं."