अहवालातला रिकामा चौकोन

जर्मनीतल्या येना शहराच्या विद्यापीठात एक उपक्रम आहे. गावातलं एखादं कुटुंब परदेशी विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा घरी बोलावतं आणि भेटीनंतर एक पानी अहवाल पाठवतं. आमच्याकडे सांगलीची मुलगी आली. प्रकाशशास्त्रात पीएचडी करत होती. मी भिंगांची मापं घेण्याचं काम करतो, त्यामुळे अहवालात वेळही पाव तासापर्यंत अचूक लिहायचो.

पहिल्या भेटीत तिने पाच पोळ्या खाल्ल्या. सहाव्या भेटीत दीड.

"तुला एवढं राबवणाऱ्या त्या प्रोफेसरला पाठव इकडे," बायको म्हणाली. "कणीक मळायला बसवते, मग कळेल त्याला."

मुलगी हसली. सातव्या भेटीत मात्र जेवण तसंच ठेवून सोफ्यावर तीन तास झोपली. उठल्यावर म्हणाली, "काका, लॅबमध्ये आठवडा आठवडा कुणाशी बोलत नाही मी. सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नाही. आईला सांगू नका हं."

अहवालाच्या तळाशी एक चौकोन असे : विद्यापीठाच्या समुपदेशकांनी विद्यार्थ्याशी संपर्क साधावा का?

"अहो, करा की खूण," बायको म्हणाली.

"प्रोफेसरपर्यंत गेलं म्हणजे? पोरीच्या नावावर कायमचं राहील."

"गुप्त ठेवतात असं लिहिलंय ना मागे?"

लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलंही होतं. पण अशी गोष्ट कुठल्या ऑफिसात गुप्त राहते, यावर माझा विश्वास नव्हता. चौकोन रिकामा ठेवला. भेटीचा वेळ लिहिला : सव्वापाच तास.

आठव्या भेटीच्या रविवारी ती आली नाही. फोन उचलला नाही. सोमवारी विद्यापीठातून कळलं, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार उघडवलं, म्हणून वाचली.

तिला सांगलीला न्यायला भाऊ आला. आमच्याकडे राहिलेली तिची शाल आणि दोन पुस्तकं घ्यायला तो घरी आला. बायकोने चहा ठेवला. तो उभाच होता.

"काका, ती दर महिन्याला यायची तुमच्याकडे. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. अहवालांतही तसंच दिसत होतं.

"जाणवलं होतं," मी म्हणालो.

त्याने शाल घडी करून पिशवीत घातली. चहा न घेताच गेला.