भिंतीपलीकडचं गवत

आखातात, खोर फक्कानला मी एका बंगल्यावर माळी होतो. शेजारच्या बंगल्यावर एक पठाण माळी होता. तो लॉनवर अनवाणी फिरून तळव्यांनी ओल जोखायचा. मला ते सोंग वाटायचं.

तिकडे थंडीत वेगळं गवत पेरतात. उन्हाळी गवत त्याखाली झोपलेलं असतं. थंडी सरताना त्यानं वरचं हिरवंगार गवत पार भादरलं. मी हसलो.

तो म्हणाला, "चाचा, ऊपर का निकालो. नीचेवाला घास रास्ता देख रहा है."

"मेरे को मत सिखा. मेरा जनम मिट्टी में गया."

ऊन तापलं. माझं थंडीचं गवत जळून पिवळं पडलं, त्याचं खालचं गादीसारखं वर आलं. आमचा मालक संध्याकाळी खुर्ची घेऊन त्या लॉनवर बसायला जाऊ लागला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढच्या वर्षी मीही भादरलं, पण तो जुम्म्याच्या नमाजाला गेल्यावर. परतून त्यानं पाहिलं. कापलेलं गवत ओढायला भिंतीवरून आपलं दाताळं पुढे केलं.

मालकाची खुर्ची परत आली. दाताळंही मी परत दिलं. त्याचं नाव मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचा चेला ठरलो असतो.