डाव्या पाकळीवरचा अंगठा

बर्फातल्या पोस्टवर जाण्याचा हुकूम आमच्या कंपनीला आला, तेव्हा मी आणि नायक किसन दोघेही सुट्टीवर होतो. मी वैशाखऱ्याचा, तो डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. मी हवालदार, सेक्शन कमांडर. तो माझ्या सेक्शनमधला. त्याची पेन्शनपुरती नोकरी भरली होती. कागद टाकून घरी यायचं की कंपनीबरोबर वर जायचं, हे त्याला सुट्टी संपायच्या आत ठरवायचं होतं. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, घरी राहा म्हणून हट्टच धरला होता. मुलगी नुकती चालायला लागली होती.

शेवटी, मी त्याच्या पाड्यावर मुक्कामाला असताना, किसन म्हणाला, "देवीला इचारू. ती बोलंल तसं."

मी तिथेच सावध झालो. संशय हा माझा जुना स्वभाव, आणि पहाऱ्याच्या ड्यूटीने त्याला खतपाणी घातलेलं.

दोन दिवसांनी सकाळी गावदेवीला कौल लावला. भगत म्हणजे किसनचे सख्खे मामा. त्यांनी दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दगडाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी हात जोडले, डोळे उघडेच ठेवले. मामांचा अंगठा डाव्या पाकळीवर जरा जास्तच वेळ राहिला. थोड्या वेळाने उजवी पडली. वहिनी तडक उठून घरी गेल्या.

परतीच्या प्रवासात मी किसनला म्हणालो, "मामांनी डावी दाबून बसवली रे. कौल खोटा हाय."

"तू देवीवर पन संशय घेतोस?"

"देवीवर नाय. मामांवर."

तो हसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. भाच्याला लांब धाडून मामांचं काय भलं होणार होतं? जमिनीचं काहीतरी असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यानंतर मामांचं नाव निघालं की माझं डोकं तापायचं.

पोस्टवर रोजची कामं ठरलेली. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, मग रेडिओ चेक. एका सकाळी साडेसातला रेशन घेऊन येणारे दोन जवान खालच्या नाल्यात अडकल्याचं कळलं. बर्फ सरकला होता, एकाचा पाय मोडला होता. रेडिओवर कंपनी कमांडर आले.

"उतार कच्चा आहे. फक्त व्हॉलंटिअर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

मी वळलो तर किसन कमरेला दोर बांधून उभा. त्याने जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून चिडून बोललो, "देवीला इचारलंस काय?"

"हे इचारायचं नसतं."

तो खाली उतरला. आपला दोर सोडून त्याने जखमी जवानाला बांधलं. आम्ही जखमीला वर ओढलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्यांदा, किसनसाठी, दोर खाली सोडत असताना उतारावरचा बर्फ सुटला. रेडिओवर मी सांगितलं, "दोन सेफ. एक मिसिंग. ओव्हर." संध्याकाळी तो सापडला.

मीच त्याला घरी घेऊन आलो. तेराव्यानंतर मामांना एकटं गाठलं.

"डावी पाकळी दाबलीत ना?"

"दाबली," ते म्हणाले. "त्यानंच सांगितलं व्हतं. आदल्या सांजेला आला. बोलला, मामा, माझी मानसं वर जानार न् मी घरात बसू? सुनंदा माझं ऐकायची नाय. देवीचं ऐकंल." एवढं बोलून म्हातारा ढसाढसा रडला.

सगळ्या गोतावळ्यात एकट्या किसनवर मी संशय घेतला नव्हता. मला त्याचा राग आला आणि त्याच्या आठवणीने रडूही आलं. वहिनींना मात्र हे कधी सांगितलं नाही.

मध्ये अठरा वर्षं गेली. यंदा त्याची मुलगी सैन्यभरतीत निवडली गेली. निरोप द्यायला मी पाड्यावर गेलो. किसनच्या फोटोला ताजा हार होता. पोर बॅग भरत होती. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कौल लावलात काय?"

"नाय. तवाचा कौल खोटा व्हता, भाऊ. मामांचा अंगठा मी पन बघितला व्हता."

"मग तेव्हाच का नाय बोललात?"

"मी बोलले असते तर ते भांडून गेले असते. पन गेलेच असते." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "आज सकाळी देवीकडं जाऊन आले. काय इचारलं नाय. पोर चालली, सांभाळ, येवढंच बोलले. तिच्या बापाच्या टायमाला मी रुसून घरात बसले. सांभाळ बोलायचं राहूनच गेलं."