एप्रिलातली पॅन्झी

आमची मामी राहायची माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत, पण तिचं पंचांग पहाडातलं होतं. मामा फौजेत असताना दोघं बर्फाच्या मुलखात राहिलेली. मामा तिथून गुडघेदुखी घेऊन आला, मामी फुलांचं बी.

बर्फ वितळला की पेरायचं, ही तिथली सवय. म्हणून पहिल्या वर्षी तिने इथेही मार्चात पेरलं. आठवड्यात रोपांचे पापड झाले. "चुकलं माहं," ती म्हणाली, "तिथचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा." पुढे दसऱ्यानंतर पेरणी आणि जानेवारीत अंगणभर पॅन्झी, जांभळ्या-पिवळ्या, मांजरीच्या तोंडासारख्या. पानांवर कोळशाची धूळ बसे, ती रोज ओल्या फडक्याने पुसायची. "फुलाचंबी तोंड धुवा लागते." हे मला उद्देशून असे. मी नुकताच नोकरीला लागून त्यांच्याकडे राहत होतो, मामीच्या मायेपोटी म्हणा किंवा तिच्या कूलरपोटी.

एका वर्षी महिला मंडळात ती बोलून बसली, की यंदा चौदा एप्रिलला विहारात आपल्या अंगणातली पॅन्झी ठेवीन. बाया हसल्या. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "मामी, एप्रिलात इथी माणूस टिकून नाई राह्यला, तुमचं फूल काय टिकते?"

मामीने संक्रांतीला दुसरी पेरणी केली. होळीनंतर कुंड्या पडवीत आल्या, भोवती ओली पोती लागली. उन्हं आणखी चढली, तेव्हा एका दुपारी तिने कूलरचं तोंडच कुंड्यांकडे फिरवलं. मामा म्हणाला, "अन् आम्ही काऊन मराचं?"

"तुम्ही फौजी आहा," मामी म्हणाली. मी फौजी नव्हतो, पण मला कोणी विचारलं नाही. आम्ही मामा-भाचे घामोळ्या खाजवत एकमेकांना वारा घालत बसलो.

तरी एकेक कुंडी गेलीच. जयंतीच्या सकाळी एकच उरली. फुलं तीन, चार आण्याच्या नाण्याएवढी. मामीने पांढरं लुगडं नेसून, कुंडीवर ओला पदर धरून ती विहारात नेली आणि फोटोपुढे ठेवली. कोणीतरी विचारलं, कागदाची काय? मामीने ओल्या पदराने एक पान पुसलं. मामाच ताठ होऊन सर्वांना सांगत सुटला, "आमच्या कूलरातली हाये."

वंदना झाल्यावर शांताबाई हळूच जवळ आल्या. "मामी, बी कधी टाकाचं?"

"संक्रांतीले ये," मामी म्हणाली. "पण पयले नवऱ्याले विचार, कूलर सोडते का."