सोडतीत आलेलं औषध

देवावरचा माझा विश्वास त्या वर्षी पार उडाला होता, हे आधीच सांगते. नवरा कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. तो ज्या आजाराने गेला, तोच एचआयव्ही माझ्या रक्तात निघाला, आणि आमच्या सहा वर्षांच्या चिमीच्याही. मी यवतमाळला जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाचे वाईट दिवस होते ते. महिन्यातले निम्मे दिवस जिनिंगचं फाटक बंद असायचं. घरी बसून मी एकच विचार करायची. माझं काही चुकलं असेल, पण या लेकराने काय केलं?

माझी औषधं सुरू झाली. चिमीची सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या औषधांचा अभ्यास सुरू होणार होता, बऱ्याच देशांतले दवाखाने मिळून करणार होते. काही मुलांना नेहमीची पातळ औषधं, काहींना नवी, तीन औषधं एकत्र केलेली छोटी गोळी. कुणाला काय मिळेल हे डॉक्टरांच्या हातात नाही, संगणक सोडत काढतो. त्यांनी मला चार पानी कागद दिला आणि म्हणाल्या, "घाई नाही, आठ दिवस विचार करा."

सासूबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पोरीचा उंदीर करून राह्यले ते. सही करशीन तर याद राख." मला झोप लागेना. सही केली आणि पोरीला काही झालं तर? नाही केली आणि चांगलं औषध हुकलं तर? सातव्या दिवशी मी चिमीला घेऊन कळंबला चिंतामणी गणपतीच्या देवळात गेले. श्रद्धेने नाही. कुणाशी तरी भांडायचं होतं, म्हणून गेले.

पायऱ्या उतरता उतरता चिमीला उलटी झाली. बायका साड्या सावरत बाजूला झाल्या. मी पदराने पायरी पुसायला लागले तेवढ्यात एक वयस्कर बाई तांब्याभर पाणी घेऊन आली. तिने चिमीचं तोंड धुतलं, पायरीवर पाणी ओतलं आणि आमच्याजवळ बसली. फुलसावंगीची होती. "मी काही हात जोडायले नाही आली बाई, आम्ही बुद्धाचे. शेजारणीले सोबत पाह्यजे होती, म्हणून आली." तिचं लक्ष माझ्या पिशवीतल्या कागदाकडे गेलं. दवाखान्याचा शिक्का तिने लगेच ओळखला. मी चपापले. ती हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नको. मीबी तेच औषध खातो. मोठ्या माणसांच्या असल्याच अभ्यासात होती मी, दोन वर्षं."

मी रडायलाच लागले. घरचं सगळं तिला सांगितलं. सही कर किंवा करू नको, असं काही ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "भीती वाटते त माह्यासारखी डॉक्टरले विचार. मधात सोडता येते का? सोडलं त पोरीचं औषध बंद करान का? तरास झाला त पाहील कोण? तोंडानं विचार, लाजू नको. जवाब पटला तरच सही कर." तेवढ्यात शेजारणीची हाक आली. चिमीच्या डोक्यावरून हात फिरवून ती निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. गाभाऱ्यात गेले तेव्हा भांडण आठवेना. नुसती उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही प्रश्न विचारले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. कधीही सोडता येतं, सोडलं तरी उपचार चालू राहतात, त्रास झाला तर आम्हीच पाहू, हे कागदात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवलं. सासूबाई सोबत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "सोडतीत काहीच औषध नाही, असं त नाही येत?" नाही, औषध प्रत्येकालाच होतं. मी सही केली. या वेळी सासूबाईंनी अडवलं नाही.

आणि सोडतीत चिमीला जुनं औषध आलं. मी मनात नवी गोळी मागितली होती. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी देवाला नाही नाही ते बोलले. नर्सताई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "जुनं घेणारी लेकरं नसली त नवं चांगलं की वाईट, हे कळन कसं? तुमची पोरगी बिनकामाची नाही जी." ते तेव्हा पटलं नाही.

ते पातळ औषध कडू होतं, थंड जागी ठेवावं लागायचं. उन्हाळ्यात सासूबाई रांजणाखालच्या ओल्या वाळूत बाटली पुरायच्या आणि चिमीला मांडीवर घेऊन गुळाचा खडा दाखवत औषध पाजायच्या. पोरीचा उंदीर करतात म्हणणारी बाई एकही वेळ चुकली नाही. चिमीचा सारखा येणारा ताप गेला, अंगावर मांस धरलं. दिवाळीनंतर ती शाळेत जायला लागली.

अभ्यास संपल्यावर आम्हा सगळ्या आयांना बोलावून निकाल सांगितला. नवी गोळी जुन्या औषधाइतकीच गुणाची निघाली होती, आणि द्यायला कितीतरी सोपी. आता ती आमच्या मुलांनाही मिळणार होती. डॉक्टर म्हणाले, हे तुमच्या मुलांमुळे कळलं. सासूबाई शेजारी बसलेल्या बाईला कोपर मारून सांगत होत्या, "आमची जुन्यात होती बरं!"

सगळं देवावर सोडणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, विचारायचं ते विचारावं, आपल्याला जमेल ते करावं, आणि आपल्या हातात नसलेली सोडत त्याच्या हाती द्यावी. मी मागितलेलं त्याने दिलं नाही. पण पोर दिली. दूर कुठल्या कुठल्या देशांत याच अभ्यासात किती लेकरं होती, त्यांच्या आया कोणत्या भाषेत रडल्या असतील, मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना चिमीसाठी मागून झालं की मी थोडा वेळ आणखी हात जोडून थांबते, त्यांच्यासाठी.