पीराची पत्रिका

मंडळी, आज मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन कासूला माहेरी गेले होते. आमच्याकडे पहिली पत्रिका गावदेवीला, दुसरी खाडीच्या बांधावरच्या पीराला. भाऊ म्हणाला, "आई गेली, आता पीराचं कशाला?" मग मी एकटीच गेले.

तिथे हलिमाचाची दिवा लावत होती. आई आणि ती मिठागरात जोडीनं राबायच्या. मला जवळ घेऊन म्हणाली, "लहानपणी तू तापानं फणफणलीस, तवा तुझी आय हितं नवस बोलली."

ते मला ठाऊक होतं.

"आनि मी तुमच्या गावदेवीला नारळ बोलले. पोर वाचली पायजे होती गो!"

हे मात्र आज कळलं. घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "लग्नाला चाचीला आणायला मी जातो."

तुमच्यासाठी कोण, कुठे नवस बोललं होतं? विचारलंय कधी?